सेफ्टी शूज घेताना क्रम चुकतो तो इथे: निवड, माप आणि फिटिंग

सेफ्टी शूजबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. अंगठ्याचं नख काळं पडलं, करंगळीवर कुरूप झालं, टाच सोलवटली, पावसाळ्यात सोल निघून हातात आला. बडोद्याकडच्या मकरपुऱ्यातला टर्नर असो की नंदेसरीतला प्लांट ऑपरेटर, रडगाणं तेच. खोदून विचारलं की बहुतेक वेळा कळतं, बूट वाईट नव्हते, घेण्याचा क्रम उलटा होता. आधी दुकान, मग किंमत, मग सवयीचा नंबर. काम नेमकं कोणतं, हे कुणी विचारलंच नाही.

स्वतःच्या खिशातून बूट घेणारा ठेकेदाराकडचा कामगार आणि कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसून सगळ्यांची ऑर्डर काढणारा माणूस, दोघांनाही खालच्या पायऱ्या लागू पडतात. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. तिसरी आधी आणि पहिली नंतर केली की पैसे दोनदा जातात.

## तयारी: दुकानात जाण्याआधी

एक जाड कागद, पेन्सिल, फूटपट्टी, आणि कामावर घालता तेच मोजे. घरच्या चपलेतून उठून अनवाणी पायाने माप देऊ नका. नखं कापलेली असू द्या, कारण वाढलेलं नख टो-कॅपला (बोटांवरच्या कडक कवचाला) आधी लागतं आणि बूट छोटा आहे असं उगाच वाटतं.

जुना जोड फेकला नसेल तर तो उलटा करून बघा. सोल बाहेरच्या कडेने जास्त झिजलाय की आतल्या? टाचेचं अस्तर फाटलंय का? इनसोलवर (आतल्या गादीवर) बोटांचे ठसे अगदी पुढच्या टोकाला उमटलेत का? अस्तर फाटलेलं असेल तर टाच आत घासत होती, म्हणजे बूट मोठा होता किंवा नाड्या सैल होत्या. ठसे टोकाला असतील तर बूट आखूड होता. दुकानदार सांगणार नाही ते जुना बूट सांगतो.

## पायरी १: कामातले धोके लिहून काढा

लिहूनच काढा, कारण मनातल्या मनात सगळ्यांचं उत्तर एकच येतं: ‘काहीतरी पायावर पडू शकतं.’ तेवढ्याने भागत नाही. एका शिफ्टमध्ये तुम्ही जिथे जिथे पाय ठेवता तिथे फिरून या आणि बघा.

जड जॉब, पाइप, डाय उचलणं असेल तर टो-कॅप हवीच. लेथ आणि मिलिंगच्या आसपास धारदार चिप्स, बांधकामावर खिळे, फॅब्रिकेशनमध्ये पत्र्याचे तुकडे असतील तर सोलमध्ये खिळा शिरू न देणारी पट्टीही लागते. ही दोन वेगळी संरक्षणं आहेत. टो-कॅप असलेल्या प्रत्येक बुटात पट्टी असतेच असं नाही, आणि इथे फसणारे खूप.

वेल्डिंग, फोर्जिंग, फाउंड्रीसाठी साधा पीयू (पॉलियुरेथेनचा) सोल नको. गरम धातूवर तो नरम पडतो. नायट्राइल रबरचा सोल बघा. वेल्डरने उंच घोट्याचा बूट घ्यावा, वर जाळीचं कापड नको, आणि पँटची मोहरी बुटाच्या बाहेरून खाली सोडलेली असावी. ठिणगी बुटात शिरली की बूट काढेपर्यंत ती आत भाजत राहते.

आम्ल, अल्कली, सॉल्व्हंट असलेल्या कामाला चामडं चालत नाही. ते रसायन शोषतं आणि तासन्‌तास पायाला लावून ठेवतं. तिथे टो-कॅपवाला गमबूट लागतो, आणि तो पीव्हीसीचा की नायट्राइलचा हे रसायनावरून ठरतं. त्या रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ते सुपरवायझरकडून मागून घ्या. इथेही पँट बाहेरूनच, म्हणजे ओघळ आत जाणार नाही.

आता वीज. इथली चूक जिवावर बेतते म्हणून थोडं सविस्तर. ‘अँटिस्टॅटिक’ बूट म्हणजे शॉक न लागणारा बूट, असं बडोद्यातल्या कित्येक वर्कशॉपमध्ये छातीठोकपणे सांगितलं जातं. ते चूक आहे. अँटिस्टॅटिक बूट अंगावरची स्थिर वीज हळूहळू जमिनीत सोडतो, म्हणजे तो मुळात थोडी वीज वाहू देण्यासाठीच बनवलेला असतो. त्याचा विद्युत रोध १०० किलोओहम ते १,००० मेगाओहम या पट्ट्यात ठेवलेला असतो. सॉल्व्हंटच्या वाफा असतात तिथे, ठिणगी पडू नये म्हणून त्याचा उपयोग. त्याहून कमी रोधाचा ‘कंडक्टिव्ह’ बूट स्फोटकांच्या कामासाठी असतो, आणि तो घालून चालू पॅनेलजवळ जाणं म्हणजे आत्मघात.

ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरच्या कारखान्यांत टेस्टिंग, मेंटेनन्स करणाऱ्यांना विद्युत-रोधक बूट लागतो. त्यावर तसं वेगळं लिहिलेलं असतं. अमेरिकी पद्धतीच्या बुटांवर १८,००० व्होल्टच्या चाचणीचा उल्लेख दिसेल. ती चाचणी कोरड्या बुटावर एक मिनिट केलेली असते. ओला, तेलकट किंवा सोलमध्ये धातूचे कण रुतलेला बूट ते संरक्षण देत नाही. शिवाय हा दुसरा बचाव आहे. लाइन बंद करणं, लॉक लावणं आणि रबरी मॅट यांची जागा तो घेत नाही.

इशारा: एकाच माणसाला सॉल्व्हंटचं काम आणि विजेचं काम दोन्ही असेल, तर एकच बूट दोन्हीकडे चालवू नका. कोणत्या कामाला कोणता जोड, हे सेफ्टी ऑफिसरकडून लेखी घ्या.

## पायरी २: शिक्का वाचा

भारतात सेफ्टी शूजसाठी आयएस १५२९८ हे मानक आहे. त्याचे भाग वेगळे आहेत आणि भाग महत्त्वाचा. भाग २ म्हणजे पूर्ण सेफ्टी फूटवेअर: टो-कॅपने २०० जूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसायला हवा. २०० जूल म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडणं, आणि १५ किलोन्यूटन म्हणजे अंदाजे दीड टनाचा भार. भाग ३ मध्ये हेच आकडे १०० जूल आणि १० किलोन्यूटन, म्हणजे आघाताचं संरक्षण निम्मं. भाग ४ मध्ये टो-कॅपची अटच नाही. बाहेरून तिन्ही बूट सारखेच काळे दिसतात.

पुढची अक्षरं अशी वाचा:

- एसबी: मूलभूत, टो-कॅप असलेला.
- एस१: बंद टाच, अँटिस्टॅटिक, टाचेला धक्का शोषणारा, तेलाला टिकणारा सोल.
- एस१पी: वरचं सगळं, शिवाय खिळारोधक पट्टी.
- एस२: एस१ आणि पाणी लवकर आत न येणारं वरचं चामडं.
- एस३: एस२, खिळारोधक पट्टी आणि खाचांचा सोल.
- एस४ आणि एस५: पूर्ण रबरी किंवा पॉलिमरचे, म्हणजे गमबूट. त्यातल्या एस५ला पट्टी असते.

याशिवाय एचआरओ म्हणजे ३०० अंश सेल्सिअसच्या गरम पृष्ठभागाला थोडा वेळ टिकणारा सोल, आणि एम म्हणजे बोटांच्या मागच्या हाडांवरही कवच. घसरण्याच्या चाचणीसाठी एसआरए (साबणाच्या पाण्याने ओली फरशी), एसआरबी (ग्लिसरीन लावलेलं स्टील) आणि एसआरसी (दोन्ही) अशी अक्षरं असतात. कूलंट सांडलेल्या शॉपफ्लोअरवर एसआरसीच मागा.

आयएसआय खुणेच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. मोबाइलवर बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) केअर ॲप उघडून तो क्रमांक टाका. कंपनीचं नाव आणि उत्पादन दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण शंभर जोडांची ऑर्डर देणारेही ते करत नाहीत.

तपासा: बनवल्याची तारीख. हिच्याकडे कुणी बघत नाही आणि सोल निखळण्याचं खरं कारण इथेच असतं. पीयू हवेतल्या ओलाव्याने आणि उष्णतेने आतून तुटत जातो, बूट वापरला नाही तरी. पत्र्याच्या छपराखालच्या गोदामात मे महिन्याचा उकाडा आणि मागून चार महिन्यांचा पावसाळा सोसलेला जोड डब्यात चकचकीत दिसतो आणि पंधरा दिवसांत सोलचा भुगा होतो. दोन वर्षांहून जुना माल मी घेणार नाही. सवलतीत मिळणाऱ्या ‘क्लिअरन्स’ मालाची तारीख तर हमखास बघा. सोल अंगठ्याने दाबा, बूट वाकवा. बारीक भेगा दिसल्या किंवा चिकट लागलं तर तिथेच परत.

## पायरी ३: पाय मोजा

वेळ संध्याकाळची, शिफ्ट संपल्यानंतरची. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात तर नक्कीच. सकाळी ताज्या पायाने घेतलेला बूट दुपारी चावतो.

कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा. कामाचे मोजे घालून टाच भिंतीला लावा आणि पूर्ण वजन टाकून उभे राहा. दुसऱ्याला पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ मारायला सांगा. स्वतः वाकून मारली तर वजन सरकतं आणि माप चुकतं. भिंतीपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत लांबी घ्या. ते बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. मग चवड्याची सगळ्यात रुंद जागा मोजा.

दोन्ही पाय मोजा, आणि मोठा पाय धरून चाला.

भारतात चालणाऱ्या नंबरांत एका नंबराचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटरचा असतो. अर्धे नंबर सेफ्टी शूजमध्ये सहसा मिळत नाहीत. म्हणून मधल्या मापाच्या पायाला मोठा नंबर आणि जाड इनसोल, हा उपाय अँटिस्टॅटिक नसलेल्या बुटाला ठीक आहे. पण तो लांबीसाठी. रुंदीसाठी नंबर वाढवणं ही सगळ्यात मोठी चूक. रुंद पायाला नंबर वाढवला की बूट लांब होतो, चवड्याच्या जागी वाकत नाही, टाच उचलते आणि टो-कॅपची मागची कड नेमकी बोटांच्या सांध्यावर येते. रुंद पायाला रुंद साचाच मागा, नसेल तर दुसरी कंपनी बघा.

पॅकिंग, लॅब, असेंब्लीमधल्या बायकांना पुरुषांच्या साच्यातला छोटा नंबर दिला जातो. टाच अरुंद असल्यामुळे तो मागून निसटतो. बायकांच्या साच्याचे सेफ्टी शूज मिळतात, इंडेंटमध्येच (मागणीपत्रात) तसं लिहा.

## पायरी ४: घालून बघा

चामडं महिनाभरात पायाप्रमाणे सैल होतं. टो-कॅप स्टीलची असो की कंपोझिटची, ती एक केसभरही सैल होत नाही. ‘वापरून सैल होईल’ हे दुकानदाराचं वाक्य टाच आणि जिभेबद्दल खरं आहे, बोटांबद्दल नाही. त्यामुळे साध्या बुटासारखं पुढून अंगठ्याने दाबून बोट कुठे आहे हे बघण्याची सोय इथे नाही. त्याऐवजी असं करा.

पहिलं, इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि मोजे घालून त्यावर उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जागा उरली पाहिजे, आणि पाय बाजूने इनसोलच्या बाहेर सांडता कामा नये. इनसोल चिकटवलेला असेल तर नाड्या सोडून पाय पुढे सरकवा, बोटं कॅपला टेकू द्या. टाचेमागे तर्जनी जेमतेम शिरली तर लांबी बरोबर.

दुसरं, बोटांच्या वरची जागा. उभं राहून बोटं हलवा, वर उचला. कॅपच्या छताला सतत टेकत असतील तर तो बूट सोडा. कारण साधं आहे: २०० जूलच्या आघाताने कॅप थोडी दबते, आणि मानकाप्रमाणे ४१-४२ युरोपियन मापाच्या बुटात त्यानंतर किमान १४ मिलिमीटर उंची उरायला हवी. तुमचं बोट मुळातच छताला चिकटलेलं असेल तर त्या उरलेल्या उंचीत ते मावेलच असं नाही.

तिसरं, दोन्ही बूट घालून, नाड्या पूर्ण बांधून, चवड्यांवर उकिडवे बसा. जॉब बघायला वाकता तसेच. कॅपची मागची कड बोटांच्या बुंध्यात रुतली तर दुसरा मॉडेल. ही कड नंतर बोथट होत नाही. दुकानात नुसतं उभं राहून ‘बसला’ म्हणणाऱ्यांचे बूट दुसऱ्या दिवशी याच कडेमुळे कोपऱ्यात पडतात.

चौथं, जिना उतरा. उतरताना बोटं पुढे आदळली तर बूट आखूड किंवा पायाचा वरचा भाग नीट आवळलेला नाही. नाड्या परत बांधून पुन्हा उतरा. चढताना टाच किंचित उचलली तर चालेल, अर्धा सेंटिमीटरहून जास्त नको.

दहा मिनिटं दुकानात घालून फिरा. दुकानदार घाई करेल, ‘८ नंबर ना, सगळ्यांना हाच बसतो’ म्हणेल. त्याला बूट विकायचाय, तुम्हाला आठ तास त्यात उभं राहायचंय.

स्टोअरवाल्यांसाठी: गेल्या वर्षीची यादी कॉपी करू नका. पुरवठादाराकडून प्रत्येक नंबरचा एक जोड मागवा, शिफ्ट सुटताना माणसांना घालायला लावा, मग आकडे भरा. न बसलेले जोड बदलून मिळतील हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

इशारा: मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल तर बूट चावतोय हे कळत नाही. अशा माणसाने माप डोळ्यांनी तपासावं, रोज रात्री तळवे आणि बोटं बघावीत, आणि बूट घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

## पायरी ५: मोजे आणि नाड्या

मोजा बुटाच्या कडेहून वर येणारा हवा. निव्वळ सुती मोजा घाम धरून ओला राहतो, थोडं मिश्रण असलेला रोजच्या कामाला बरा. वेल्डिंगला मात्र नायलॉन नको, ते वितळून कातडीला चिकटतं. ज्याला घाम जास्त, त्याने डब्यासोबत दुसरा जोड न्यावा आणि जेवणाच्या सुट्टीत बदलावा.

बूट घातल्यावर टाच जमिनीवर दोनदा आपटा, म्हणजे पाय मागे बसतो. मगच नाड्या, खालून वर. पायाच्या वरच्या फुगीर भागावर जरा सैल, घोट्याजवळ घट्ट. उरलेली नाडी घोट्याभोवती गुंडाळू नका, फिरत्या मशीनजवळ लोंबतीही ठेवू नका. दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचा.

आणि टाच मोडून चपलेसारखा बूट ओढत चालणं. गेटवर दिसायला बूट, आत वापरायला सपाता! टाचेचा कडक भाग एकदा मोडला की परत उभा राहत नाही, आणि शिडीवर तो बूट पायातून निघतो. नाड्या बांधण्याचा कंटाळाच असेल तर इलास्टिकचा किंवा बाजूच्या बकलचा बूट घ्या.

## पायरी ६: पहिले पंधरा दिवस

पहिल्या दिवशी पूर्ण शिफ्ट नको. संध्याकाळी घरी दोन-तीन तास घाला, फरशीवरच, म्हणजे बदलून घ्यायची वेळ आली तर सोल कोरा राहतो. मग कामावर अर्धा दिवस, मग पूर्ण. उरलेल्या अर्ध्या दिवसात घालायचा जुना बूटही सेफ्टी शूजच असावा, चप्पल नव्हे.

टाच आणि घोट्याची कड यांचा त्रास या काळात कमी होतो. बोटांचा होत नाही. दोन आठवड्यांनीही बोट दुखत असेल तर माप चुकलंय, सहन करू नका.

न करण्याच्या गोष्टी: कॅप हातोडीने ठोकून ‘मोठी’ करणं, करंगळीजवळ चामडं कापणं, बूट पाण्यात भिजवून घालणं, सोलमध्ये खिळे मारणं. यातलं काहीही केलं की शिक्क्याला अर्थ उरत नाही. अँटिस्टॅटिक बुटात बाजारातला जाड इनसोल घातला तरी तेच होतं, वीज जमिनीपर्यंत जायचा रस्ता बंद होतो.

## पायरी ७: निगा

थोडक्यात. शिफ्टनंतर सोलच्या खाचांतल्या चिप्स काढा, तेल पुसा. इनसोल बाहेर काढून रात्रभर वाळवा. आठवड्यातून एकदा चामड्याला पॉलिश किंवा क्रीम. ओले बूट आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा. भट्टीजवळ, ओव्हनवर किंवा कडक उन्हात ठेवले की चामडं तडकतं आणि सोलची चिकट सुटते. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा.

पुराचं पाणी ही वेगळी गोष्ट. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांत शिरलं तसं पुन्हा झालं आणि बूट त्या पाण्यात बुडून राहिले, तर वाळवून परत वापरू नका. चिखल आणि सांडपाणी अस्तरात मुरतं, कॅप आतून गंजते, आणि विद्युत-रोधक किंवा अँटिस्टॅटिक गुणांचा भरवसा उरत नाही.

## पायरी ८: कधी बदलायचे

महिन्यांचा ठरीव आकडा नाही. काम हलकं असेल तर जोड वर्षभर जातो, फाउंड्रीत काही महिन्यांत संपतो. महिन्यातून एकदा हे बघा: सोलच्या खाचा सपाट झाल्यात का, सोल आणि चामड्यामध्ये फट पडलीय का, शिवण उसवलीय का, कॅप बाहेर दिसू लागलीय का, आत हात घातल्यावर अस्तराखाली काही टोचतंय का. एकही उत्तर ‘हो’ आलं तर बदला.

कॅपवर जड वस्तू पडली असेल तर ती बाहेरून चांगली दिसली तरी जोड बाद. कॅप एकदा दबण्यासाठी असते. दुसऱ्या आघाताला ती किती टिकेल, हे बाहेरून सांगता येत नाही. खिळा आत घुसला असेल तरीही तेच. अशा वेळी ‘दुसरा पाय तर चांगला आहे’ म्हणून एकच बूट बदलू नका. नवा आणि झिजलेला सोल यांची उंची वेगळी असते, चाल बिघडते.

बाद जोड तसाच कचऱ्यात टाकला की पॉलिश होऊन जुन्या बाजारात येतो आणि दुसरा कुणी तो सेफ्टी शूज म्हणून विकत घेतो. वरचं चामडं कात्रीने आडवं कापा, नाड्या काढा, आणि मगच भंगारात द्या.